१९७८चा की २००४चा? दोन ‘टूलबॉक्स मर्डर्स’मधला फरक

पोस्टरवर हत्यारांची पेटी, आत लॉस एंजेलिसमधली भाड्याच्या घरांची इमारत आणि तोंडावर काळा मुखवटा चढवून दारोदार फिरणारा खुनी. एवढ्या वर्णनावरून सिनेमा शोधायला गेलात तर दोन सापडतात. एक डेनिस डॉनेली यांनी दिग्दर्शित केलेला १९७८चा, दुसरा टोबी हूपर यांचा २००४चा. दोन्ही साधारण दीड तासाचे असल्याने लांबीवरूनही कळत नाही. शिवाय दुसरा पहिल्याचा रिमेक म्हणून ओळखला जातो, त्यामुळे एकाचं परीक्षण वाचून दुसरा बघायला बसणारे पुष्कळ. प्रत्यक्षात या दोन सिनेमांत कथा म्हणून सामाईक असं जवळपास काहीच नाही. पुढे दोन्हींचे शेवट उघड केलेले आहेत, तेव्हा न बघितलेल्यांनी जपून वाचावं.

आधी नाव. जुन्याचं नाव ‘द टूलबॉक्स मर्डर्स’, नव्याचं नुसतं ‘टूलबॉक्स मर्डर्स’. त्या ‘द’वर मात्र फार विसंबू नका, कारण याद्यांमध्ये आणि डिस्कच्या कव्हरवर तो सर्रास गळतो किंवा नको तिथे चिकटतो. नटांची नावं बघणं जास्त खात्रीचं. कॅमेरॉन मिचेल, पॅमेलिन फर्डिन, वेस्ली यूर दिसले की १९७८चा. अँजेला बेटिस, ज्युलिएट लँडाऊ, रॅन्स हॉवर्ड दिसले की २००४चा. सिनेमा सुरूच झाला असेल तर पहिली दोन मिनिटं पुरतात. जुना उघडतो तो रात्री गाडी चालवणाऱ्या माणसावर. रेडिओवर धर्मोपदेशकाचं प्रवचन चाललेलं असतं आणि मध्येच एका अपघाताची आठवण चमकून जाते. नवा उघडतो तो धो धो पावसात, इमारतीकडे परतणाऱ्या एका तरुणीवर. ही भूमिका शेरी मून यांची. तिच्या वाट्याला हातोडा येतो.

जुना सिनेमा: अर्ध्या तासात सगळी हत्यारं संपतात

१९७८च्या सिनेमाची रचना विचित्र आहे आणि ती माहीत नसेल तर तो अर्ध्यावर सोडून द्यावासा वाटतो. पहिल्या अर्ध्या तासात चार बायका मरतात: एक ड्रिलने, एक हातोड्याने, एक स्क्रू ड्रायव्हरने आणि एक नेलगनने. संवाद जवळजवळ नाहीत. खुनी शिरतो, पेटी उघडतो, काम उरकतो, पुढच्या दारी जातो. यानंतर त्याच इमारतीत आई आणि भावासोबत राहणारी पंधरा वर्षांची लॉरी पळवली जाते, आणि तिथून सिनेमाची जातच बदलते. पेटी मागे पडते. उरतो एक बंद खोलीतला मानसिक छळाचा खेळ, त्याच्या जोडीला लॉरीचा भाऊ जोई स्वतः तपासाला लागलेला.

खुनी कोण हे जुना सिनेमा फार काळ लपवत नाही. तो इमारतीचा मालक व्हान्स किंग्जली (कॅमेरॉन मिचेल). त्याची मुलगी कॅथी अपघातात गेलेली असते, जगात पाप फार झालं आहे आणि आपण ते झाडून काढतो आहोत अशी त्याची समजूत. लॉरीला तो कॅथी समजून पलंगाला बांधून ठेवतो, तिच्याशी बापाच्या मायेने बोलतो. हातात लॉलीपॉप घेऊन मिचेल हे जे काही करतात ते पहिल्या अर्ध्या तासातल्या रक्तापेक्षा जास्त अंगावर येतं. मिचेल यांनी १९६४ साली इटलीत मारिओ बाव्हा यांच्या मुखवटाधारी खुन्याच्या सिनेमातही काम केलं होतं, म्हणजे हा प्रकार त्यांना नवा नव्हता.

खरा धक्का पुढे आहे. व्हान्सचा पुतण्या केंट सुरुवातीला जोईचा मित्र म्हणून वावरतो. काकाची करणी झाकायला तो जोईला जिवंत जाळतो, मग काकालाही मारतो, आणि लॉरीवर अत्याचार करतो. शेवटी लॉरी त्याला कात्रीने भोसकून बाहेर पडते आणि रात्रीच्या रस्त्यावर एकटी, हरवल्यासारखी चालत राहते. म्हणजे पेटीवाल्या खुन्यापेक्षा वाईट माणूस पेटी न उचलणारा निघतो. सिनेमाचं बळ इथे आहे. कमजोरी मधल्या भागात: पोलिसांची चौकशी रटाळ आहे आणि तिच्यामुळे ताण सैल पडतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. हा सिनेमा स्वस्तातला असला तरी तो टिपणारा माणूस कच्चा नव्हता. कॅमेरा गॅरी ग्रेव्हर यांचा, जे नामवंत दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्यासोबत अनेक वर्षं काम करत होते. न्हाणीघरातला नेलगनचा प्रसंग बघा. मागे एक संथ, गोड गाणं वाजत असतं आणि ते खून होईपर्यंत थांबत नाही. गाण्याची शांतता आणि समोरचं दृश्य यांचा जो सांधा तिथे जुळला आहे, त्यामुळेच हा एक प्रसंग सगळ्या सिनेमाची ओळख बनून बसला.

नेलगनबद्दल एक खुलासा इथेच करून टाकू, कारण दोन्ही सिनेमांत ती आहे. सुतारकामाच्या हवेवर चालणाऱ्या नेलगनला कॉम्प्रेसर आणि नळी लागते. तिच्या नाकाशी सुरक्षेचा खटका असतो; नाक लाकडावर दाबून धरल्याशिवाय घोडा ओढला तरी खिळा सुटत नाही. खटका निकामी केला तरी खिळा काही बंदुकीची गोळी नव्हे. खिळा जिथून सुटतो तिथे बंदुकीच्या नळीसारखे आतून आटे नसतात, खिळ्याला स्थिर ठेवणारं काही नसतं, त्यामुळे थोडं अंतर गेल्यावर तो गिरक्या खायला लागतो आणि नेम उरत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून नेमाने खिळे मारणारा खुनी ही सिनेमाची सोय आहे. जवळून मात्र हे यंत्र खरोखरच घातक असतं, बांधकामावर त्याने अपघात होतात ते उगीच नाही.

नवा सिनेमा: खुनी इमारतीच्या पोटात आहे

२००४च्या सिनेमात नेल बॅरोज (अँजेला बेटिस) आणि तिचा नवरा स्टीव्हन ‘लस्मन आर्म्स’ नावाच्या जुन्या इमारतीत राहायला येतात. तो डॉक्टरकीचं प्रशिक्षण घेतो आहे, रात्रंदिवस रुग्णालयात. ती शिक्षिका, सध्या घरी. इमारतीची डागडुजी चाललेली, म्हणून जागोजागी हत्यारं पडलेली, ठोकाठोकीचा आवाज सतत. लेखक जेस अँडरसन आणि अ‍ॅडम गिराश यांनी ही मांडणी फार हुशारीने केली आहे: जिथे दिवसभर ड्रिल चालते तिथे रात्रीच्या ड्रिलकडे कोण लक्ष देणार? भिंती इतक्या पातळ की शेजाऱ्यांचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. नेल एकदा पोलिसांना बोलावते आणि तो आवाज नाटकाच्या तालमीचा निघतो. त्या क्षणापासून तिचं कुणी खरं मानत नाही.

इथे संशयित भरपूर पेरले आहेत. व्यवस्थापक बायरन, दुरुस्तीची कामं करणारा विक्षिप्त नेड (ही भूमिका सहलेखक गिराश यांनीच केली आहे), कितीतरी वर्षांपासून तिथे राहणारे म्हातारे चॅस रूकर. जुन्या सिनेमात प्रश्न असतो की हा माणूस असा का झाला. नव्यात आधी विचारलं जातं की हा कोण, आणि मग हळूहळू लक्षात येतं की विचारायचा प्रश्न ‘कुठे’ हा आहे. शेजारीण ज्युलिया नाहीशी होते तेव्हा नेल भिंतींवरची चिन्हं टिपायला लागते, इमारतीचे जुने नकाशे काढून बघते आणि हिशेब जुळत नाही हे तिला कळतं. बाहेरून इमारत जेवढी भरते तेवढी आतून भरत नाही. भिंतींच्या मागे, मजल्यामजल्यांतून वर चढत जाणारं दुसरं घर दडलेलं आहे. ते बांधणारा जॅक लस्मन गूढविद्येच्या नादी लागलेला होता, आणि चिन्हांची सगळी मांडणी आत राहणाऱ्याला जिवंत ठेवण्यासाठी आहे.

तो राहणारा म्हणजे ‘कॉफिन बेबी’, मेलेल्या आईच्या पोटातून शवपेटीत जन्मलेला. क्रिस्टोफर डॉयल यांनी तो उभा केला आहे, आणि त्याला संवादांची गरज पडत नाही. त्याच्या मनात पाप-पुण्य काही नाही, कुणाची आठवण नाही. खून हे त्याच्या जगण्याचं इंधन आहे, बस. म्हणून इथे मरणाऱ्यांत पुरुषही आहेत, बायकाही; जुन्यात पेटीला बळी पडतात त्या सगळ्या बायका. हा फरक छोटा वाटला तरी दोन्ही सिनेमांचा स्वभाव त्याने ठरतो. १९७८चा बघताना अस्वस्थता येते ती खुन्याच्या बायकांवरच्या रागामुळे. २००४चा बघताना भीती जागेची वाटते.

चित्रीकरणासाठी हूपर यांना अ‍ॅम्बॅसडर हॉटेल मिळालं, आणि सिनेमाचं अर्धं काम तिथेच झालं. लॉस एंजेलिसच्या विल्शायर बुलेव्हार्डवरचं हे हॉटेल १९२१ साली सुरू झालं, एकेकाळी हॉलिवूडची सगळी झगमग तिथे असायची. जून १९६८मध्ये अमेरिकी नेते रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात. १९८९मध्ये ते पाहुण्यांसाठी बंद झालं आणि २००५-०६मध्ये पाडलं गेलं. म्हणजे सिनेमात दिसणारे लांबलचक बोळ, पोपडे आलेले छत आणि अंधारे जिने आता उरलेले नाहीत. पडद्यावरची ओल खरी आहे, ती रंगवून कुणाला साधली नसती. स्टीव्ह येडलिन यांचा कॅमेरा त्या जागेला पुरेपूर वापरतो, फक्त शेवटच्या भागात अंधार इतका दाट होतो की लहान पडद्यावर काय चाललं आहे तेच कळत नाही. हा सिनेमा फोनवर बघू नका. खोलीतले दिवे घालवून मोठ्या पडद्यावर बघा.

नव्याची चूक शेवटात आहे. एक तास शांतपणे पेरलेलं गूढ शेवटी पळापळीत उलगडतं. लस्मनचा इतिहास आणि चिन्हांचं शास्त्र हे एवढं खाद्य होतं की त्याला आणखी दहा मिनिटं हवी होती.

मग रिमेक कशाला म्हणायचं?

नाव, पेटी, मुखवटा आणि भाड्याची इमारत, इतकंच नव्याने उचललं. एकही पात्र नाही, अपहरण नाही, बापलेकीचा धागा नाही. नाव पुढे चालू राहण्यामागे निर्मिती आहे: टोनी डिडिओ दोन्ही सिनेमांचे निर्माते. यातला योगायोग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. मूळ सिनेमा काढायची कल्पना डिडिओंना सुचली ती हूपर यांच्या १९७४च्या करवतवाल्या सिनेमाचा, ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’चा, गल्ला बघून. पंचवीस वर्षांनी त्याच हूपर यांच्या हाती ही पेटी आली. त्यांनी कथा बाजूला ठेवली आणि बंद घराच्या आत दडलेलं दुसरं, सडकं घर दाखवलं, जे त्यांना पहिल्यापासून साधत होतं.

एक गोंधळ याहून गंभीर आहे. जुन्या सिनेमाच्या शेवटी ही घटना १९६७ साली खरोखर घडल्याचा मजकूर येतो. त्यावर विश्वास ठेवू नका. अशा पाट्या त्या काळी तिकिटं खपवायला लावत. दुसरीकडे कॅलिफोर्नियात ‘टूलबॉक्स किलर्स’ म्हणून ओळखले गेलेले खरे गुन्हेगार होते, लॉरेन्स बिटाकर आणि रॉय नॉरिस. त्यांनी पाच किशोरवयीन मुलींचे खून केले ते १९७९मध्ये. सिनेमा आला मार्च १९७८मध्ये, म्हणजे तो त्या गुन्ह्यांवर आधारलेला असूच शकत नाही. तरीही दोन्ही एकत्र जोडणारे लेख फिरत असतात. खऱ्या मुली मेल्या आहेत, तिथे असली सरमिसळ करू नये.

प्रत निवडताना जुन्याच्या बाबतीत सावध राहा. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये ज्या ७२ व्हिडिओ सिनेमांची सरकारी अभियोक्त्यांनी आक्षेपार्ह म्हणून यादी केली होती, त्यात हा होता. खटला चालून दोषी ठरलेल्या ३९मध्ये तो नव्हता, उरलेल्या ३३मध्ये होता. तिथल्या जुन्या प्रतींना कात्री लागलेली आहे, आणि ती नेमकी न्हाणीघरातल्या प्रसंगाला. कव्हरवर ‘अनकट’ लिहिलेलं आहे का ते बघूनच घ्या.

क्रम विचाराल तर कुठलाही आधी चालेल, कारण एकाने दुसऱ्याचं काहीच फुटत नाही. भयपटाची सवय नसेल तर नव्यापासून सुरुवात करा, त्यात अँजेला बेटिसचा हात धरून इमारतीत शिरता येतं. जुन्यातला लैंगिक हिंसाचार सहन होणार नाही असं वाटत असेल तर तो सोडून द्या. आणि शोधताना २०१३चा ‘कॉफिन बेबी’ नावाचा तिसराच सिनेमा सापडला, तर तो २००४च्या खुन्याला पुढे नेणारा आहे. दिग्दर्शक डीन जोन्स, मुखवट्यामागे पुन्हा डॉयल. १९७८च्या व्हान्स किंग्जलीशी त्याचा काही संबंध नाही.