लॉस एंजेलिसच्या डोंगरातला फुकट मुक्काम: पार्श्वभूमी

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला शहर संपलं की लगेच डोंगर सुरू होतो. पॅसाडिना, अल्टाडिना, सिएरा माद्रे इथले रस्ते चढत चढत सॅन गेब्रिएल रांगेच्या पायथ्याला टेकतात आणि शेवटच्या घरांच्या मागून अँजेलिस नॅशनल फॉरेस्टची हद्द लागते. सुमारे सात लाख एकरांचं हे सरकारी रान. त्यातलं सर्वात उंच शिखर माउंट सॅन अँटोनिओ ३,०६८ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेदोन पटीहून उंच. या रानात, जिथे बंदीचा हुकूम लागू नाही तिथे, पाठीवर सामान घेऊन जावं, सपाट जागा पाहून तंबू ठोकावा, झोपावं आणि सकाळी निघावं. एक डॉलरही द्यावा लागत नाही. नळ, टेबल, संडास, कचऱ्याचा डबा यातलं काहीच तिथे नसतं. याला तिकडे 'डिस्पर्स्ड' किंवा 'प्रिमिटिव्ह' कॅम्पिंग म्हणतात. कॅलिफोर्नियात नव्याने राहायला गेलेल्या मराठी मंडळींना याचं नवल वाटतं, कारण त्याच राज्यात शहरात गाडी उभी करायलाही पैसे मोजावे लागतात.

नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यांत बऱ्याच जणांची गल्लत होते. योसेमिटीसारखी पार्क अंतर्गत खात्याच्या, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ द इंटीरियरच्या अखत्यारीत येतात आणि तिथे ठरवून दिलेल्या जागी किंवा परवाना घेऊनच राहता येतं. नॅशनल फॉरेस्ट मात्र कृषी खात्याकडे आहेत. तिथे लाकूडतोड होते, गुरं चरतात, खाणी असतात, शिकार चालते. मुक्कामाची मोकळीकही याच व्यवहारी स्वभावातून आली. रान राखलं गेलं ते कामासाठी, आणि माणसांनी तिथे झोपू नये असं कोणाला वाटायचं कारणच नव्हतं.

ते काम होतं पाण्याचं. १८८० च्या दशकात पायथ्याशी संत्र्यालिंबाच्या बागा वाढत होत्या आणि त्यांचं सगळं पाणी या डोंगरातून येई. वर मेंढपाळ आणि लाकूडतोडे होते, वणवे लागत, आणि जळालेल्या उतारावरून पावसाळ्यात चिखलाचे लोंढे खाली बागांत घुसत. अ‍ॅबट किनी या धनिकाने, ज्याने पुढे समुद्रकाठी व्हेनिस वसवलं, राज्याच्या वनमंडळाचा अध्यक्ष म्हणून हे रान राखण्याचा आग्रह धरला. १८९१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना सरकारी जमिनीवर वनं राखून ठेवण्याचा अधिकार दिला. त्याचा वापर करून बेंजामिन हॅरिसन यांनी २० डिसेंबर १८९२ रोजी सॅन गेब्रिएल टिंबरलँड रिझर्व्ह जाहीर केलं. कॅलिफोर्नियातलं हे पहिलं राखीव वन. १८९७ च्या कायद्याने अशा वनांचे हेतू पक्के केले: जंगल सांभाळणं, पाण्याचा प्रवाह नीट राखणं आणि देशाला लाकूड पुरवणं. सहल, सुट्टी, तंबू यांचा त्यात उल्लेखही नाही.

ही जमीन 'रिकामी' नव्हती, हे इथेच सांगायला हवं. टोंग्वा, तातावियाम आणि सेरानो या मूळ रहिवाशांच्या पायवाटा, शिकारीच्या जागा आणि एकर्न, म्हणजे ओकची फळं, गोळा करायची झाडं या डोंगरांत होती. आज ज्या जागी फुकट झोपता येतं ती सरकारला फुकट मिळाली, कारण ती त्यांच्याकडून आधीच हिरावली गेली होती.

१९०५ मध्ये ही राखीव वनं कृषी खात्याकडे आली, फॉरेस्ट सर्व्हिस स्थापन झाली आणि गिफर्ड पिंशो तिचे पहिले प्रमुख झाले. १९०७ मध्ये 'रिझर्व्ह'चं 'नॅशनल फॉरेस्ट' झालं आणि १९०८ मध्ये या रानाला अँजेलिस हे नाव मिळालं. पिंशोंना वनशास्त्राची वाट दाखवणाऱ्यांत डीट्रिश ब्रँडिस हे जर्मन वनाधिकारी होते. हेच ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाले. म्हणजे आपलं वनखातं आणि अमेरिकेचं वनखातं यांची गुरुपरंपरा एका जागी जुळते. पण सामान्य माणसाशी वागण्याची रीत पार वेगळी निघाली. आपल्याकडे १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ राखीव वनात नुसतं विनापरवाना शिरणं आणि आग पेटवणं हाही गुन्हा ठरवतं. सह्याद्रीत भटकणाऱ्या कोणालाही वनखात्याच्या चौकीवरची ती पाटी ठाऊक असते. इथे परवानगी मिळेपर्यंत मनाई, तिथे मनाई होईपर्यंत मोकळीक. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि फुकट मुक्कामाचा सगळा इतिहास त्यावरच उभा आहे.

सॅन गेब्रिएलमध्ये गर्दी मात्र खात्याच्या आधीच पोचली होती. १८८४ मध्ये पेरी स्वित्झर यांनी अरोयो सेकोच्या खोऱ्यात पाहुण्यांसाठी तळ उभारला. १८९३ मध्ये विल्बर स्टर्टव्हंट यांनी बिग सांता अनिताच्या घळीत दुसरा काढला. त्याच वर्षी ४ जुलैला माउंट लो नावाची डोंगर-रेल्वे सुरू झाली. पुढे पॅसिफिक इलेक्ट्रिक या कंपनीच्या लाल ट्राम सिएरा माद्रेपर्यंत आल्या आणि कारकून, दुकानातल्या मुली, शाळामास्तर असे सगळेच आठवड्याच्या सुट्टीला डोंगर चढू लागले. ज्यांना परवडे ते तळावर जेवून खाटेवर झोपत, बाकीचे घोंगडीची वळकटी पाठीला बांधून ओढ्याकाठी पडत. सामान गाढवांवर आणि खेचरांवर जाई. त्या घळीवरच्या चँट्री फ्लॅटवर १९३६ मध्ये सुरू झालेलं खेचरांचं ठाणं ही त्या काळाची शेवटची खूण. घळीतल्या जुन्या लाकडी घरांपर्यंत गाडीरस्ता नाही, तिथलं सामान खेचरांच्या पाठीवरूनच पोचत आलं आहे.

हा काळ १९३८ च्या मार्चमधल्या महापुराने मोडला. घळीतले तळ आणि पायवाटा वाहून गेल्या. त्याच सुमाराला अँजेलिस क्रेस्ट हायवेचं काम चालू होतं आणि तो पुरा झाल्यावर लोक पायथ्याशी थांबेनासे झाले, गाडीतून थेट माथ्यावर जाऊ लागले. स्वित्झर आणि दुसरे तळवाले होगी यांच्या तळांच्या जागी पुढे साधे ट्रेल कॅम्प, म्हणजे पायवाटेवरचे मुक्काम, झाले. त्या पायवाटेने गेलं की झाडीत जुने दगडी चौथरे अजून दिसतात.

मोटारीने देशभर हेच केलं. १९१६ मध्ये पोर्टलंडजवळ, कोलंबिया नदीच्या नव्या रस्त्यालगत, ईगल क्रीक इथे फॉरेस्ट सर्व्हिसने सोयी करून दिलेली आपली पहिली छावणी उघडली. १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट या तरुण लँडस्केप आर्किटेक्टला खात्याने नोकरीवर घेतलं. लोक येणारच आहेत तर त्यांच्यासाठी आखणी करावी लागेल, हे तेव्हा पहिल्यांदा मान्य झालं.

पण खरी मेख ओळखली ती एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाने. कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या जंगलात मोठमोठी झाडं कीड नसताना का सुकतात, हे तो शोधत होता. त्याला आढळलं की गाड्या मनाला येईल तशा झाडाखाली शिरतात, चाकांनी आणि पावलांनी माती दाबून दगडासारखी होते, तिच्यात पाणी आणि हवा जात नाही आणि वरवरची बारीक मुळं गुदमरून मरतात. छान सावली म्हणून ज्या झाडाखाली सगळे उतरतात, ते झाड त्याच सावलीपायी मरतं. १९३२ मध्ये त्याने उपाय लिहून काढला: एकेरी वळणाचा रस्ता, गाडी उभी करायला ठरावीक खाचा, अडवायला मोठे दगड, पक्कं टेबल आणि चूल, म्हणजे माणसांचा वावर एकाच पट्ट्यात राहील. १९३३ पासून सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या बेरोजगार तरुणांनी याच नकाशावर देशभर छावण्या बांधल्या. आजही अमेरिकेतल्या बहुतेक कॅम्पग्राउंडवरचा तो गोल रस्ता आणि त्या खाचा माइनेकेच्याच आहेत.

इथून मुक्कामाच्या दोन जाती झाल्या. एक आखलेली छावणी आणि दुसरं तिच्याबाहेरचं सगळं रान. आखलेल्या छावणीला देखभाल लागते, देखभालीला पैसा लागतो. १९६० च्या कायद्याने मनोरंजन हा नॅशनल फॉरेस्टचा रीतसर हेतू ठरला आणि १९६५ पासून छावण्यांवर फी घेण्याला कायद्याचा आधार मिळाला. बाहेरच्या रानाला कोणी हात लावला नाही.

तो लावला गेला १९९६ मध्ये. लाकूडविक्रीचं उत्पन्न आटलं होतं, दुरुस्तीची कामं साचली होती, आणि काँग्रेसने खात्यांना फी घेऊन पाहण्याची प्रायोगिक मुभा दिली. १९९७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या अँजेलिस, सॅन बर्नार्डिनो, क्लीव्हलंड आणि लॉस पाद्रेस या चार वनांत अ‍ॅडव्हेंचर पास आला: दिवसाला ५ डॉलर, वर्षाला ३०. तंबू फुकटच होता, पण रस्त्याकडेला गाडी लावली की पास हवा. मोटारीशिवाय जिथे पोचता येत नाही तिथे हा मुक्कामावरचाच कर झाला. लोक चिडले. करातून ज्याचा खर्च एकदा दिला त्या स्वतःच्या जमिनीवर पाय ठेवायला पुन्हा पैसे का, हा त्यांचा प्रश्न होता आणि मला तो रास्त वाटतो.

२००४ च्या कायद्यात त्याचं उत्तर लिहिलं गेलं. हा कायदा फी घ्यायची परवानगी देतो, पण कुठे घेऊ नये हेही सांगतो. नुसतं गाडी लावणं, नुसतं चालत किंवा घोड्यावरून जाणं, किमान सोयी नसलेल्या जागी तंबू टाकणं, यांची फी घ्यायची नाही. छावणीची फी घ्यायची तर नऊ गोष्टींपैकी निम्म्याहून जास्त तिथे असाव्या लागतात: तंबूची जागा, टेबल, पिण्याचं पाणी, पोचरस्ता, फी घ्यायला माणूस, सुरक्षेची व्यवस्था, कचऱ्याचा डबा, संडास आणि चूल. म्हणजे सरकार जिथे काही देत नाही तिथे काही मागणारही नाही. शंभर वर्षं जी गोष्ट कोणी विचारलीच नाही म्हणून चालली होती, ती अशी कागदावर आली.

खात्याने मोठमोठे पट्टे 'सोयीचे क्षेत्र' ठरवून फी चालूच ठेवली. ॲरिझोनात टूसॉनजवळच्या माउंट लेमनच्या रस्त्यावर काही स्थानिकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं आणि २०१२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: सोयी वापरायच्याच नसतील तर फी नाही. अ‍ॅडव्हेंचर पासवरही खटला झाला आणि तिथेही अशा फीला न्यायालयाने लगाम घातला. रानात झोपण्याच्या हक्कासाठी वकील लावून वर्षानुवर्षं झगडणाऱ्या या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

मोकळीक म्हणजे मन मानेल तसं नव्हे, हेही याच काळात घट्ट झालं. एका जागी साधारण १४ दिवस ही मर्यादा बहुतेक वनांत आहे, कारण रानात कायमचं घर करणं मना आहे. पाण्यापासून सुमारे ६० मीटर दूर तंबू, शौचासाठी १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा आणि तो पुन्हा बुजवणं, कचरा परत नेणं, हे नियम १९९० च्या दशकात 'लीव्ह नो ट्रेस' या चळवळीने रुजवले. २००५ च्या नियमाने गाड्यांना नकाशावर दाखवलेल्या रस्त्यांपुरतं बांधलं. कॅलिफोर्नियात छावणीबाहेर गॅसचा स्टोव्ह पेटवायलाही कॅम्पफायर परमिट लागतं. ते फुकट मिळतं, पण नसेल तर गुन्हा.

फुकट मुक्कामावर आता जे सावट आहे ते फीचं नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये लागलेल्या स्टेशन फायर या वणव्याने अँजेलिसमधलं सुमारे १,६०,००० एकर रान जाळलं आणि अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. जळालेल्या भागाचे मोठे तुकडे कित्येक वर्षं बंद राहिले. २०२० मध्ये कोरोनाच्या घुसमटीतून सुटायला शहर डोंगरात लोटलं असतानाच बॉबकॅट फायर पेटली, आणि त्या सप्टेंबरात फॉरेस्ट सर्व्हिसने कॅलिफोर्नियातली सगळी १८ नॅशनल फॉरेस्ट एकदम बंद केली. पुढच्या वर्षीही तसंच झालं. २०२४ मध्ये ब्रिज फायर आणि २०२५ च्या जानेवारीत ईटन फायर लागली. ईटनने अल्टाडिनाची घरंच्या घरं गिळली.

बंदीच्या हुकुमाला फीसारखी सुनावणी लागत नाही, वनाधिकाऱ्याच्या सहीने तो निघतो. आगीच्या दिवसांत तो योग्यच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण आग विझल्यावर पायवाटा साफ करायला, दरडी हलवायला, पाहणी करायला माणसं लागतात आणि तीच खात्याकडे कमी आहेत. त्यामुळे वर्षाची बंदी दोन वर्षांची होते आणि नव्या हुकुमाने पुढे सरकते. २००४ च्या कायद्याने तंबूवरची फी अडवली, पण रान किती काळ बंद ठेवावं याला तसा आडकाठीचा नियम कुठेच नाही. म्हणून मागणी साधी आहे: हुकूम काढताना तो कोणत्या कारणाने, कोणत्या हद्दीपुरता आणि कोणतं काम झाल्यावर उठेल, हे त्यातच लिहा.