वेणीचं टोक आणि बोअरचं पाणी

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. म्हणजे 60 सेंटीमीटर लांब वेणीच्या टोकाने भुसावळ-जळगावचे पाच उन्हाळे सोसलेले असतात. हे टोक जिवंत नाही. बाटलीवर ‘पोषण’ लिहिलं म्हणून त्याच्या पोटात काही जात नाही. त्याची झीज कमी करणं एवढंच आपल्या हातात असतं.

केसावर केराटिन या प्रथिनाचे खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात, कडा टोकाच्या दिशेला. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोट सहज सरकतं आणि उलट फिरवलं की खरखरतं. खवल्यांवर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. ब्लीच, रंग, ऊन आणि रोजची घासाघीस यांनी तो उडाला, खवले उचकटले, की शेजारचे केस एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो.

खान्देशात यात भर पडते पाण्याची. ज्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. अशा पाण्यात अंगाच्या साबणाने केस धुतले, तर साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवरच बसतो. शाम्पूतले फेसकारक असा साका सहसा करत नाहीत, त्यामुळे साधा स्वस्त शाम्पूही साबणापेक्षा बरा. घटकांच्या यादीत ‘ईडीटीए’ दिसलं तर उत्तम. ते पाण्यातले क्षार धरून ठेवतं. शिकेकाईही चालते, पण उकळून, फडक्यातून गाळून. भुकटी तशीच चोळली तर कण केसांवर घासतात.

पैसे खर्च करायचेच तर माझ्या मते कंडिशनरवर करावेत. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधल्या सेट्रिमोनियम, बेहेनट्रायमोनियम या घटकांवर धन. त्यामुळे धुतल्यानंतरही त्यांचा पातळ थर केसाला धरून राहतो आणि घर्षण घटतं. लावायचं ते मानेखालच्या केसांना. टाळूला त्याची गरज नसते.

तेलांमध्ये खोबरेलाची बाजू भक्कम आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या रेले आणि मोहिले या संशोधकांच्या प्रयोगांत खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना झाली, आणि केसातून प्रथिनं निघून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलाने. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. धुण्याआधी लावलेलं बरं. नंतर चोपडलं तर आपल्याकडची धूळ त्यावर बसते.

आता कंगवा. ओल्या केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे प्रथिनांना आतून धरून ठेवणारे कमकुवत दुवे, सुटलेले असतात, त्यामुळे केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. ओल्या केसांना रुंद दातांचा कंगवाच हवा, तोही कंडिशनर असतानाच, टोकापासून सुरू करून वर वर जात. उवांची फणी उवांसाठीच ठेवावी. प्लॅस्टिकचा कंगवा घेताना दातांच्या मधून नख फिरवून बघा: साच्याच्या जोडाची धारदार रेघ लागली तर तो परत ठेवा. एप्रिलच्या कोरड्या हवेत केस कंगव्यामागे उडू लागतात. लाकडी, नीट घासलेल्या कंगव्याने हा त्रास कमी होतो. दाट केसाळ ब्रश गुंता सोडवायला निरुपयोगी आहे, सोडवलेले केस चापून बसवायला ठीक. आणि रोज शंभर वेळा विंचरायचा जुना सल्ला म्हणजे शंभर वेळा घासणं.

दुभंगलेली टोकं कुठलंही सीरम सांधत नाही. त्यातलं सिलिकोन त्यांना पुढच्या धुण्यापर्यंत चिकटवून ठेवतं. दुभंग वर सरकण्याआधी टोकं कापलेली बरी.