फळांच्या रसातील नैसर्गिक आम्ले : ग्राहकांसाठी माहिती

रस इतका आंबट लागतो, म्हणजे त्यात वरून काही मिसळले असावे, अशी शंका आमचे काही ग्राहक बोलून दाखवतात. वस्तुतः हा आंबटपणा फळाचा स्वतःचाच असतो. लिंबू आणि संत्र्यात मुख्यतः सायट्रिक आम्ल, सफरचंदात मॅलिक आम्ल, तर द्राक्षांत टार्टारिक व मॅलिक ही दोन्ही आम्ले असतात. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्लाचे प्रमाण साधारण 5 ते 6 टक्के भरते, आणि 1784 मध्ये कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम वेगळे केले तेही लिंबाच्या रसातूनच.

अशा रसाने रक्त आम्लधर्मी होते, हा समज निराधार आहे. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू, म्हणजेच पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त), 7.35 ते 7.45 या मर्यादेतच राहतो. उलट लिंबूवर्गीय रसाने लघवीतील सायट्रेट वाढते, ते तेथील कॅल्शियमला बांधून ठेवते आणि कॅल्शियमचे मूतखडे होण्याची शक्यता कमी करते. क जीवनसत्त्व हेही एक आम्लच आहे. कडधान्ये व पालेभाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास त्याची मदत होते, म्हणून रस जेवणासोबत घेणे अधिक उपयोगाचे ठरते.

खरी काळजी घ्यायची ती दातांची. सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की दातांवरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागते, आणि लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 3 च्या दरम्यान असतो. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते खरी, पण तासभर घोट घोट रस पीत राहिल्यास तिला तेवढी उसंतच मिळत नाही. झोपेत लाळ कमी सुटत असल्याने लहान मुलांना रसाची बाटली तोंडात ठेवून झोपवणे तर कटाक्षाने टाळावे. रस एका बैठकीत संपवून साध्या पाण्याने चूळ भरावी. मऊ झालेले इनॅमल ब्रशने झिजते, म्हणून दात निदान अर्ध्या तासाने घासावेत. साखर न घातलेल्या रसालाही हे सारे लागू आहे, हे आम्ही आवर्जून सांगतो.

छातीत जळजळ होण्याचा त्रास असणाऱ्यांनी आंबट रस बेतानेच घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही रस नियमित घेऊ नये.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. रस तांब्या-पितळेच्या भांड्यात काढून ठेवू नये, कारण आम्लामुळे धातू त्यात उतरतो; काचेचे किंवा स्टीलचे भांडे वापरावे.