'कानडा'चे दोन अर्थ : सीमाभागातल्या निरूपणाची पार्श्वभूमी

'कानडा हो विठ्ठलू कर्नाटकू' ही ज्ञानेश्वरांची ओळ खानापूर-निपाणीकडच्या भजनात लागली की अर्थ कोणी विचारत नाही. विठोबा कानडी मुलखातला, आपल्या शेजारचाच. पण प्रवचनकार इथं थांबतात. जुन्या मराठीत 'कानडा' म्हणजे न कळणारा, अगम्य. आणि 'कर्नाटकू' म्हणजे नाना लीला करणारा, असंही ते उलगडून सांगतात. दोन्ही अर्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मला दोन्ही हवेत. शेजारच्या भाषेचं नाव आणि 'कळत नाही' हा भाव एकाच शब्दात कसे नांदतात, हे दोन भाषांत वाढलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

गूढ बोल सोपे करण्याची ही रीत जुनी आहे. 1290 ची ज्ञानेश्वरी हेच गीतेचं निरूपण: 700 श्लोकांवर सुमारे 9,000 ओव्या. सोपं करताना मजकूर आटत नाही, वाढतो. पुढं ती मराठीही जुनी झाली, नकलांमध्ये पाठ बिघडले, आणि 1584 मध्ये एकनाथांनी प्रत शुद्ध केली. आज घरोघरी असते ती 'सार्थ' प्रत, वर ओवी आणि खाली अर्थ. मुक्ताबाईंच्या कूट अभंगात मुंगी आकाशात उडून सूर्याला गिळते. तिथं शब्दार्थ देऊन भागत नाही, मुंगी कोण आणि सूर्य कोण हे सांगणाराच लागतो.

कन्नडात अशा कोड्यांना 'बेडगिन वचन' म्हणतात; वचन म्हणजे शिवभक्त शरण संतांची छोटी, गद्यासारखी रचना. बाराव्या शतकातले अल्लमप्रभू त्यात अग्रणी. पंधराव्या शतकातल्या 'शून्यसंपादने' या ग्रंथानं या वचनांना संवादात गुंफलं. कोण कोणाला, कोणत्या प्रसंगी बोललं हे कळलं की अर्धा अर्थ आपोआप उलगडतो. उलगडण्याची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. फ. गु. हळकट्टींनी ताडपत्रांतली वचनं गोळा करून 1923 मध्ये 'वचनशास्त्रसार'चा पहिला भाग काढला, तो बेळगावात छापला गेला.

जमखंडीत जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे (1886–1957) यांनी मराठी, हिंदी आणि कन्नड संतांची वचनं शेजारी शेजारी ठेवून त्यांचं इंग्रजीत विवेचन केलं. बेळगावच्या हिंदवाडीत त्यांच्या नावाचं मंदिर आहे.

लोकांमध्ये हेच काम शाहिरांनी केलं. कलगी-तुऱ्याच्या फडात एक बाजू कूट सवाल टाकते, दुसरी जबाबात तो फोडते. कन्नडात त्याच झगड्याला हरदेशी-नागेशी म्हणतात. पारायणाच्या सप्ताहात सवाल नसतो. सकाळी व्यासपीठचालकाच्या मागं ओव्या वाचल्या जातात, अर्थ संध्याकाळच्या प्रवचनात सांगतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओवीच वाचतात, अर्थ नव्हे.