स्टेनमार्क, इंगेमार

स्टेनमार्क, इंगेमार : (१८ मार्च १९५६– ). स्वीडनचा आल्पाइन स्कीपटू. दरवर्षी हंगामभर चालणाऱ्या विश्वचषक मालिकेतील ८६ शर्यती त्याने जिंकल्या. त्यांपैकी ४६ जायंट स्लॅलमच्या व ४० स्लॅलमच्या. स्लॅलम म्हणजे बर्फाच्या उतारावर रोवलेल्या काठ्यांना वळसे घालत दोन फेऱ्यांत उतरण्याची शर्यत; जायंट स्लॅलममध्ये काठ्यांतील अंतर अधिक असते. पुरुष विभागात हा उच्चांक अद्याप अबाधित आहे.

त्याचे नाव उत्तर स्वीडनच्या लॅपलँड प्रांतातील टार्नाबी या गावाशी जोडले जाते. जन्म मात्र नॉर्वेच्या सीमेलगतच्या योएशो या वस्तीतला; तो चार वर्षांचा असताना कुटुंब टार्नाबीला आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तेथे शेजारी राहणारा स्टिग स्ट्रँड पुढे त्याचा प्रतिस्पर्धी झाला. १९८३ मध्ये स्लॅलमच्या क्रमवारीत दोघांचेही ११० गुण झाले आणि जास्त विजयांमुळे चषक स्टेनमार्ककडे गेला. आन्या पेर्सन ही विश्वविजेती स्कीपटूही याच गावची.

विश्वचषकात तो डिसेंबर १९७३ मध्ये उतरला. पहिला विजय १७ डिसेंबर १९७४ रोजी इटलीतील मादोन्ना दी काम्पिल्यो येथे, स्लॅलममध्ये. त्याच हंगामाच्या अखेरीस इटलीचा गुस्ताव थॉनी, ऑस्ट्रियाचा फ्रान्झ क्लामर व स्टेनमार्क यांचे गुण समसमान झाले. निर्णय इटलीतील व्हाल गार्देना येथील समांतर स्लॅलमवर (दोघे शेजारच्या मार्गांवरून एकाच वेळी उतरतात अशी शर्यत) आला. त्यात थॉनीने स्टेनमार्कला हरवले. १९७६, १९७७ व १९७८ अशी सलग तीन वर्षे मात्र एकूण विजेतेपद त्याच्याकडेच राहिले. या काळात इटलीतील दक्षिण टिरोलचा हेर्मान नोग्लर त्याचा प्रशिक्षक होता.

यापुढील गुणपद्धतीचा प्रश्न वादाचा आहे. १९७८–७९ च्या हंगामात प्रत्येक शर्यतप्रकारातील सर्वोत्तम तीनच निकाल एकूण क्रमवारीत धरले जात आणि विजयाला २५ गुण असत. म्हणजे स्लॅलम व जायंट स्लॅलम या दोनच प्रकारांत उतरणाऱ्याला, कितीही शर्यती जिंकल्या तरी, १५० च्या वर जाता येत नव्हते. स्टेनमार्कने त्या हंगामात १३ शर्यती जिंकल्या. जायंट स्लॅलमच्या तर दहाच्या दहा. गुण झाले नेमके १५०. सात विजयांचा एकूण क्रमवारीसाठी काहीच उपयोग झाला नाही. तो पाचवा आला आणि १८६ गुणांनी स्वित्झर्लंडचा पीटर ल्यूशर विजेता ठरला. ल्यूशरच्या गुणांत डाउनहिल (उतारावरून सर्वाधिक वेगाने उतरण्याची शर्यत) व स्लॅलम यांच्या संयुक्त निकालाची मोठी भर होती. हा नियम स्टेनमार्कला रोखण्यासाठीच केला, असे स्वीडिश क्रीडाप्रेमी आवर्जून सांगतात. निव्वळ द्वेषाचा हेतू मानण्यापेक्षा, सर्व प्रकारांत भाग घेणाऱ्याला झुकते माप देण्याचे धोरण त्यामागे होते असे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे. परिणाम मात्र एकच झाला : पुन्हा एकूण विजेतेपद त्याला मिळाले नाही. १९८१ मध्ये अमेरिकेच्या फिल मारेने त्याला अवघ्या सहा गुणांनी मागे टाकले. संयुक्त गुणांसाठी त्या वर्षी स्टेनमार्क ऑस्ट्रियातील कित्सब्यूएलच्या डाउनहिलमध्येही उतरला आणि विजेत्याच्या दहाहून अधिक सेकंद मागे, ३४ वा आला. विश्वचषकातील ही त्याची एकमेव डाउनहिल शर्यत होय.

जायंट स्लॅलममधील त्याच्या वर्चस्वाला तोड नव्हती. मार्च १९७८ ते जानेवारी १९८० या काळात त्याने या प्रकारातील सलग १४ शर्यती जिंकल्या. फेब्रुवारी १९७९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील (आता स्लोव्हाकिया) यास्ना येथे युगोस्लाव्हियाच्या बोयान क्रिझायवर ४.०६ सेकंदांनी मात केली. शतांश सेकंदांवर निकाल ठरणाऱ्या या खेळात असे अंतर दुर्मीळच. पहिल्या फेरीत मागे राहून दुसऱ्या फेरीत सर्वांना गाठायचे, ही त्याची ख्याती. सप्टेंबर १९७९ मध्ये इटलीतील श्नाल्सताल येथे डाउनहिलचा सराव करताना तो कोसळला व डोक्याला गंभीर मार बसला. तरीही फेब्रुवारी १९८० मध्ये लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये त्याने दोन्ही प्रकारांत सुवर्णपदके मिळविली. त्याआधी इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये (१९७६) जायंट स्लॅलमचे कांस्यपदक. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९७८ मध्ये दोन्ही सुवर्णपदके आणि १९८२ मध्ये स्लॅलमचे सुवर्ण व जायंट स्लॅलमचे रौप्य.

१९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये त्याला प्रवेश नाकारण्यात आला. जाहिरातींचे पैसे थेट स्वीकारण्याची मुभा देणारा ‘ब’ परवाना त्याच्याकडे होता. विश्वचषकात हा परवाना चाले, ऑलिंपिकमध्ये चालत नसे. लिख्टेनश्टाइनच्या हानी व्हेन्झेललाही याच कारणाने बाहेर राहावे लागले. त्या काळी इतर अनेकांना राष्ट्रीय संघटनांमार्फत पैसे मिळतच होते, हे लक्षात घेता नियमाचा रोख व्यवहारापेक्षा व्यवहाराच्या उघडपणावर होता, असे दिसते. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये तो परतला व स्लॅलममध्ये पाचवा आला.

त्याने कारकीर्दभर युगोस्लाव्हियातील (आता स्लोव्हेनिया) बेगुन्ये येथील एलान कंपनीच्या स्की वापरल्या. ऐंशीच्या दशकात स्लॅलममध्ये बांबूच्या काठ्यांऐवजी बिजागरीच्या काठ्या आल्या. काठीला वळसा घालण्याऐवजी ती अंगाने आडवी पाडत सरळ जाणे शक्य झाल्याने त्याच्या लयबद्ध शैलीचा लाभ कमी झाला, असे सामान्यतः मानतात.

त्याचा अखेरचा विजय फेब्रुवारी १९८९ मध्ये ॲस्पेन येथील जायंट स्लॅलममधला. त्याच वर्षी तो निवृत्त झाला. एकूण ८६ विजयांशी अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनने १० मार्च २०२३ रोजी स्वीडनमधीलच ओरे येथे बरोबरी केली आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा ओलांडला. तिच्या विजयांत डाउनहिल व सुपर-जी (डाउनहिल व जायंट स्लॅलम यांच्या मधला प्रकार) यांचाही समावेश आहे. जायंट स्लॅलममधील ४६ विजय मात्र पुरुष वा महिला, कोणत्याही विभागात अन्य कोणाच्या नावावर नाहीत.