चालता येतंय, म्हणजे लिगामेंट शाबूत आहे?

‘गुडघा मुरगळला, पण चालता येतंय ना? मग लिगामेंट तुटलेलं नाही.’ हा समज साफ चुकीचा आहे. गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणारं एक लिगामेंट, पूर्ण तुटलेले कित्येक जण सूज उतरल्यावर सपाट रस्त्यावर सरळ चालतात; मांडीचे स्नायू तेवढं सांभाळून घेतात. एसीएलचं काम नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि गुडघ्याला पीळ बसू न देणं. म्हणून खरी अडचण वळताना येते: पाऊल जमिनीवर रोवलेलं, मागून हाक आली, अंग झटकन फिरलं, की गुडघा निसटतो. जिना उतरतानाही तसंच. दुखत नसलं तरी हे अंगावर काढू नका, प्लीज. अशा निसटण्यात मेनिस्कस, म्हणजे आतली गादी, फाटू शकते. आणि दुखापतीनंतर काही तासांतच गुडघा टम्म सुजला, तर बहुधा आत रक्त साचलेलं असतं. तेव्हा चालून बघत बसू नका, लगेच ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.