नेब्रास्कातला वीस वर्षांचा वैताग

ऑगस्ट २०२२ मध्ये डब्लिनला झालेल्या सामन्यात अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ असा पुढे होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांनी ऑनसाइड किक मारायला लावली. चेंडू परत आपल्याच हाती यावा म्हणून ही किक मुद्दाम आखूड मारतात. ती बहुतेक वेळा शेवटच्या मिनिटांत, पिछाडीवरचा संघ मारतो, कारण फसली तर समोरच्याला मैदानाच्या मध्यावरच चेंडू मिळतो. ती फसली. हातातला सामना ३१-२८ असा गेला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हार झाली आणि दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्ट यांची गच्छंती झाली.

राग त्या किकवर निघाला, पण तो साचला होता फार आधीपासून. या राज्यात व्यावसायिक फुटबॉल संघच नाही, त्यामुळे सगळा जीव विद्यापीठाच्या संघावर. लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियमची, म्हणजे संघाच्या घरच्या मैदानाची, तिकिटं १९६२ पासून प्रत्येक सामन्याला संपतात (अलीकडे उरलेली तिकिटं देणगीदारांनी उचलून ही परंपरा टिकवल्याचंही घडलंय).

चुकलेला डाव इथले लोक माफ करत नाहीत असंही नाही. जानेवारी १९८४ च्या ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात तेव्हाचे प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांचा अपराजित संघ मायामीविरुद्ध शेवटच्या मिनिटात ३१-३० असा एका गुणाने मागे होता. टचडाउन केल्यावर किक मारून एक जादा गुण किंवा अवघड डाव खेळून दोन गुण घेता येतात. एक गुण घेतला असता तर सामना बरोबरीत सुटला असता आणि तेव्हा मतदानाने ठरणारं राष्ट्रीय विजेतेपद बहुधा मिळालंच असतं. ऑस्बोर्न यांनी जिंकण्यासाठी दोन गुणांचा डाव टाकला आणि ते हरले. त्या धाडसाची आजही वाहवा होते. पुढे १९९४, १९९५ आणि १९९७ ची विजेतेपदं त्यांच्याच हाताखाली आली.

बिघडलं ते नंतर, आणि माझ्या मते मैदानापेक्षा कचेरीत जास्त. २००३ मध्ये नऊ सामने जिंकूनही क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांनी ऑस्बोर्न यांच्यानंतरचे प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना काढलं. संघाला सुमारपणाकडे घसरू देणार नाही, असा त्यांचा दावा होता. त्यांनी आणलेल्या बिल कॅलहन यांच्या पहिल्याच हंगामात १९६१ नंतर प्रथमच विजयांपेक्षा पराभव जास्त झाले आणि २००७ मध्ये कॅन्ससने नेब्रास्कावर ७६ गुण चढवले. मग बो पेलिनी आले. सातही हंगामांत किमान नऊ विजय मिळवूनही २०१४ मध्ये त्यांना नारळ मिळाला. त्यानंतर आलेले माइक रायली तीन हंगाम टिकले.

म्हणून २०१८ मध्ये फ्रॉस्ट आले तेव्हा घरचा मुलगा परतल्याचा आनंद होता. १९९७ च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारे खेळाडू, तेच. पण त्यांच्या काळात ४७ पैकी १६ सामनेच जिंकता आले. २०२१ मधले नऊही पराभव दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाचे होते. अशा निसटत्या हारीत प्रत्येक निर्णय सोलून काढला जातो.

काढताना मात्र विद्यापीठाला धीर धरवला नाही. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर करार मुदतीआधी मोडल्याबद्दल फ्रॉस्ट यांना द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. जेमतेम तीन आठवडे उरले होते. त्यांच्यानंतर मॅट रूल यांच्याशी आठ वर्षांचा, ७ कोटी ४० लाख डॉलरचा करार झाला.